दाराशी बसलेली मुलं

दाजींचा फोन आला तेव्हा सावेडीतल्या माझ्या बालवाडीत मुलं डबे खात होती. शालनचे यजमान एरवी मला कधी फोन करत नसत. "ताई, अंगणवाडीची भिंत पडली," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "मुलं?" "पोरं समदी भायेर हुती." पुढचं मला विचारवेना.

शालन आणि मी नगरला बालशिक्षणाच्या पदविकेला एकत्र होतो. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला तिची वाडी. "पोरं सांभाळाया शिकायचं कशाला?" हे सासूचं बोलणं ती हसत सांगायची. पुढे ती वाडीतच अंगणवाडी सेविका झाली आणि कचेरीत तेच शुद्ध भाषेत ऐकावं लागलं, तेव्हा मात्र ती हसली नाही. तिच्या पदविकेची तिथं कुणी दखलच घेतली नाही.

उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. अंगणवाडीच्या मागच्या भिंतीला तडा गेलेला, बोटं आत जात होती. पलीकडच्या प्राथमिक शाळेला नव्या खोल्या मिळाल्या होत्या; या भिंतीसाठी निधी नव्हता. "साहेब म्हणत्यात, बारकी पोरं, कुठंबी बसत्यात," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "सुमे, पावसात हिच्या आत माती सांडल्यागत वाजतं गं." मी म्हटलं, मुलांना तुझ्या घरी बसव. तिनं आपल्या पडवीत बसवलीही. पण वर्ग इमारतीतच भरला पाहिजे, अशी वरून ताकीद आली.

भिंत पडली त्या दिवशी झड लागली होती. गाणं चालू असताना शालननं एकदम हात वर केला, कान दिला आणि मुलांना बाहेर काढलं. अंगणात मदतनीस बाईंनी मुलं मोजली, तर एक कमी भरलं. शालन पुन्हा आत गेली... ती मुलगी तापानं घरीच होती, हे बाईंच्या नंतर ध्यानात आलं.

परवा जाऊन आले. अंगणवाडी आता समाजमंदिरात भरते. नवी सेविका बारावी झालेली, पोरसवदा. प्रशिक्षण नंतर देणार आहेत म्हणाली. खोली ऐसपैस, पण मुलं सगळी दाराशी एकमेकांना चिकटून, बाकी सतरंजी मोकळी. "लई येळा सांगितलं, आत सरका. सरकतच न्हाईत," ती म्हणाली. मी एका चिमुरडीला विचारलं, का गं? "शालनबाई म्हनल्यात, भिंतीपासनं लांब बसायचं."

मी वर पाहिलं. कोपऱ्यात ओल खालपर्यंत उतरली होती... मग मीही मुलांमध्ये दाराशीच बसले.