गुडघ्याखालची गोळी

ज्युडा झिराडकरनं बावीस वर्षं कॅनडातल्या केंब्रिजच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक नापास केले. पास करणारे पुष्कळ असतात, नापास करायला छाती लागते, असं तो म्हणायचा. मापात केसभर फरक निघाला तरी तो त्या तुकड्याला लाल चिठ्ठी बांधायचा, मग मॅनेजर डोक्यावर येऊन उभा राहो नाहीतर सगळी लाइन बंद पडो. त्याच्या नावानं बोटं मोडणारे तिथे कमी नव्हते. पण स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली की हेच लोक गुपचूप त्याला विचारायला यायचे.

अशा माणसाला २००९ च्या जानेवारीत कारखान्यानंच लाल चिठ्ठी बांधली. त्याला आणि त्याच्याबरोबर आणखी दोनशे जणांना.

पहिले दोन महिने त्यानं इमानदारीनं अर्ज केले. बावन्नाव्या वर्षी बायोडाटा कसा लिहावा, हे त्याला शिकवायला सरकारनं पंचवीस वर्षांची एक मुलगी नेमली होती. तिनं त्याला जास्त हसायला सांगितलं. त्यानं तेही करून पाहिलं. मग मात्र तो ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा, पुन्हा बर्फ पडायची वाट बघायचा आणि पुन्हा शोव्हल करायचा. जॉयस, त्याची बायको, नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती. पहाटे ती निघाली की घरात फ्रिजच्या घरघरीशिवाय आवाज नसे, आणि त्या आवाजाची ज्युडाला भीती वाटायला लागली होती.

घरातून आणखी एक गोष्ट नाहीशी झाली होती, ती म्हणजे मटण. झिराडकर म्हणजे अलिबागकडचे बेने इस्रायली. त्यांच्या घरात आपल्या पद्धतीनं कापलेलं, कोशर मटणच चालायचं आणि ते टोरांटोहून आणावं लागायचं. पेसाहचा सण झाला तशी जॉयसनं ती फेरी बंद केली, तीही अशा सहजपणे की जणू सगळ्यांना मासेच जास्त आवडतात. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं ज्युडाला वाटायचं.

त्याला घराबाहेर काढलं ते गॉर्डनं. गॉर्ड त्याच्याच लाइनवरचा, त्याच्याच बरोबर घरी बसलेला, लाल दाढीचा अघळपघळ माणूस. त्याच्या घरात तीन पिढ्या शिकार चालत आलेली. घरी बसून भिंतीशी बोलायला लागशील, चल माझ्याबरोबर, असं म्हणून त्यानं ज्युडाला आधी मासे पकडायला नेलं आणि मग शिकारीच्या कोर्सात नाव घालायला लावलं. ज्युडानं जन्मात बंदूक धरली नव्हती. पण परीक्षेत तो पहिला आला, लायसन्स काढलं, आणि उन्हाळाभर नेमबाजीच्या क्लबात जाऊन असा काही नेम बसवला की गॉर्ड बघत राहिला. मापाचं काम होतं ना ते. किती दिवसांनी त्याच्या हाताला मापाचं काम मिळालं होतं.

गॉर्डचा नियम एकच होता. खांद्यामागे, फुप्फुसावर, एक गोळी. जनावराला कळायच्या आत ते गेलं पाहिजे. तसा नेम बसत नसेल तर घोड्यावर बोट ठेवायचं नाही, मग दिवस फुकट गेला तरी चालेल. हे त्यानं ज्युडाला निदान पन्नासदा सांगितलं असेल.

आणि पन्नासही वेळा ज्युडानं मान डोलावली. मनात मात्र त्याच्या दुसरंच शिजत होतं.

हरीण खायला चालतं, हे त्याला ठाऊक होतं. दुभंगलेले खूर, रवंथ करणारं जनावर. तोरात, म्हणजे धर्मग्रंथात, त्याचं नाव घेऊन परवानगी दिलेली आहे. चालत नाही ती गोळी. जनावर जिवंत हवं आणि सुरीनंच जायला हवं. ज्युडाचे बाबा अलिबागकडच्या आपल्या लोकांचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, होते आणि कोंबड्या-बकरी कापायचं कामही त्यांच्याकडेच होतं. त्यांची सुरी ज्युडाकडे होती. ती कशी धरायची, नखावरून फिरवून धारेला कुठे खाच नाही ना हे कसं बघायचं, आशीर्वाद कधी म्हणायचा, हे सगळं त्यांनी त्याला शिकवलं होतं. आणि त्याला एक लंगडी बकरी आठवत होती. लग्नघरची बकरी, ऐन वेळी अंगावर दगडी गडगा कोसळून पाय मोडलेली. बाबांनी दोन बोटांनी तिचा पाय वरपासून खालपर्यंत चाचपला होता आणि म्हणाले होते, "गुडघ्याखाली मोडलाय, चालेल. वर असता तर मी हात लावला नसता." ती बकरी त्यांनी कापली होती आणि सगळ्या वऱ्हाडानं खाल्ली होती.

म्हणजे मागच्या पायाला, गुडघ्याखाली एक गोळी. जनावर पडेल, पण जिवंत राहील. आणि मग बाबांची सुरी. बावीस वर्षं केसाची मापं काढलेल्या माणसाला चार बोटांचा पाय काय जड आहे, असं ज्युडाला वाटत होतं. रिकामपण माणसाला काय काय सुचवतं, त्याचा हा नमुना. जॉयसला विचारलं असतं तर तिनं दोन वाक्यांत निकाल लावला असता, म्हणून त्यानं तिला विचारलंच नाही.

घाई व्हायला कारणही होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी अयाला, त्यांची मुलगी, विनिपेगहून येणार होती आणि तिच्याबरोबर ओरी, तिनं पसंत केलेला मुलगा, पहिल्यांदाच घरी जेवायला यायचा होता. होणाऱ्या जावयासमोर त्या संध्याकाळी शब्बाथच्या टेबलावर आपण मिळवलेलं, आपल्या हातानं कापलेलं मटण वाढायचं, एवढंच ज्युडाच्या डोक्यात बसलं होतं. बेकार सासरा म्हणून त्याला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं.

गुरुवारी दुपारी ते दोघं गॉर्डच्या चुलतभावाच्या शेताच्या कडेला मचाणांवर बसले होते. मधे पन्नास पावलांचं अंतर, अंगात केशरी जाकिटं. ज्युडाच्या जाकिटाच्या आत, छातीशी, फडक्यात गुंडाळलेली सुरी होती. अडीचच्या सुमाराला मक्याच्या खुंटांमधून हरीण आलं. लहान शिंगांचं, तरणं. ते थांबलं आणि आडवं उभं राहिलं. खांदा इतका समोर होता की नवशिक्यानंही साधला असता. ज्युडानं नळी खाली केली. मागचा पाय, गुडघा, त्याच्या खाली. त्यानं श्वास सोडला आणि घोडा दाबला. नेमक्या त्याच क्षणी हरणानं पाऊल उचललं.

हरीण बसल्यासारखं खाली गेलं, उठलं आणि तीन पायांवर झाडीत शिरलं.

गॉर्डनं लांबूनच हाताचा पंजा दाखवला. थांब, अर्धा तास थांब. जखमी जनावराच्या मागे लागलं नाही तर ते जवळच कुठेतरी बसतं आणि शांतपणे जातं. ज्युडाला तर तेच नको होतं. ते मरायच्या आत त्याला गाठायचं होतं. बंदूक तिथेच टाकून तो दोन-दोन पायऱ्या गाळत मचाणावरून उतरला आणि धावत सुटला. मागून गॉर्ड शिव्या देत होता.

पानांवर रक्त होतं, आधी थेंब थेंब, मग तळहाताएवढं. गॉर्डनं त्याला गाठलं तेव्हा त्याचा राग निवला होता. पहिल्या शिकारीत कोणाचाही नेम चुकतो, मनाला लावून घेऊ नकोस, असं काहीतरी तो म्हणाला. ते समजूत घालणं ज्युडाला चाबकासारखं लागलं. दोघंही रक्त शोधत वाकून चालत राहिले. दोनदा हरीण पुढे उठल्याचा आवाज आला, आणि दोनदा ते पुन्हा पळालं, कारण ज्युडा थांबत नव्हता. एका जागी ते बसून गेलं होतं. तिथलं गवत दबलेलं आणि ओलं होतं. ज्युडानं हात लावला तर ते अजून ऊबदार होतं.

साडेचार झाले. पाचला सूर्य मावळणार, आणि त्याच्या अर्ध्या तासानंतर बंदूक चालवणं बेकायदा. अंधारात हे जनावर असंच राहिलं तर सकाळपर्यंत कोल्हे त्याला जिवंतपणी फाडतील, असं गॉर्ड म्हणाला. धमकी म्हणून नव्हे, त्याला खरंच तेवढीच काळजी लागली होती. मटण, जावई, टेबल, सगळं ज्युडाच्या डोक्यातून गेलं होतं. हे सापडू दे, एवढंच तो पुटपुटत होता आणि ते मराठीत पुटपुटत होता.

तारेच्या कुंपणापाशी ते सापडलं. तार ओलांडायला त्याला जमलं नव्हतं. मान वर होती आणि नाकातून वाफ येत होती. ज्युडा गुडघ्यांवर बसला, जाकिटातून सुरी काढली, फडकं सोडलं, आणि बाबांसारखी दोन बोटं त्या पायावर ठेवली. वरपासून खाली. पण खाली जावंच लागलं नाही. हाड मांडीतच फुटलेलं होतं आणि त्याचं टोक बोटांना लागलं. हरणाच्या सगळ्या अंगातून थरथर गेली, पण ते ओरडलं नाही.

सवयीनं त्यानं सुरी नखावर फिरवली. धारेला खाच नव्हती. बाबा हे का करायचे ते त्याला ठाऊक होतं: जनावराला कापल्याचं कळूसुद्धा नये म्हणून. आणि त्यानं दोन तास त्या जनावराला दुसरं काही कळू दिलं नव्हतं.

मागून गॉर्डनं विचारलं, "ज्यूड, व्हॉट्स द नाइफ फॉर?"

ज्युडानं सांगितलं. मागे न वळता, मोडक्या वाक्यांत, सगळं सांगितलं.

"सो यू डिडंट मिस," गॉर्ड म्हणाला. "यू डिड इट ऑन पर्पज."

ज्युडानं होकारार्थी मान हलवली. गॉर्डनं आपली बंदूक त्याच्या हातात दिली आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. ज्युडानं या वेळी गोळी जिथे घालायची तिथे घातली.

हरीण गॉर्डच्या घरी गेलं. वाटा घे, असं तो म्हणाला नाही आणि ज्युडानंही मागितला नाही. ज्युडाच्या दारात गाडी थांबली तेव्हा गॉर्डनं इंजिनसुद्धा बंद केलं नाही.

काय झालं, असं जॉयसनं विचारलं. काही मिळालं नाही, असं त्यानं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि फ्रीजरमधून सुरमई काढून ठेवली. सुरी त्यानं धुतली, पुसली, फडक्यात बांधली आणि जिथून काढली होती तिथे ठेवली. मग हात धुतले. शुक्रवारी दुपारपर्यंत त्यानं ते आणखी दोनदा धुतले.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती जमले. जॉयसनं दिवे लावले होते, सुरमईच्या सांबाऱ्याचा नारळाचा वास घरभर होता, आणि ज्युडाच्या पुढ्यात किद्दुशसाठी, म्हणजे घरच्या कर्त्यानं म्हणायच्या आशीर्वादासाठी, मनुकांच्या शरबताचा पेला भरलेला होता. ओरी सरळ, हसरा मुलगा होता. अयालानं त्याला वाटेत डॅडींच्या शिकारीबद्दल सांगितलेलं दिसत होतं, आणि तेही अभिमानानं. कारण पेला उचलायच्या आधीच त्यानं विचारलं, "सो अंकल, डिड यू गेट वन?"

"नाही मिळालं त्यांना," जॉयस सहज म्हणाली. "पहिलीच वेळ होती."

ते तिथेच मिटलं असतं. ओरीनं नेक्स्ट टाइम म्हणून बाजू सांभाळलीही. ज्युडाचा हात पेल्यावर होता. आता फक्त उठायचं आणि म्हणायला सुरुवात करायची. बावीस वर्षांत त्यानं एकदाही खोटा तुकडा पास केला नव्हता, आणि हा आता त्याच्या टेबलावरून, त्याच्याच हातानं, पास होऊन चालला होता. त्यानं पेल्यावरचा हात काढला.

"मिळालं होतं," तो म्हणाला. "नेम चुकला नव्हता माझा. मी मुद्दाम पायावर गोळी घातली. जिवंत राहावं म्हणून. म्हटलं, बाबांच्या सुरीनं कापीन आणि आज तुम्हाला वाढीन. दोन तास पळत होतं ते."

अयाला त्याच्याकडे बघतच राहिली. "डॅडी," एवढंच ती म्हणाली आणि तिनं नजर खाली केली. ओरीला मराठी सगळं कळलं असावं, कारण त्याचं हसू मावळलं होतं. ज्युडानं जॉयसकडे बघितलं नाही. पेला तिनं ओरीपुढे सरकवला तर आपण काही बोलायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

जॉयस उठली. तिनं पेला सरळ केला, ज्युडाच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेली प्रार्थनेची टोपी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"हात धुऊन या," ती म्हणाली. "आम्ही थांबतो. किद्दुश तुम्हालाच म्हणायचाय."

ज्युडा उठला आणि चौथ्यांदा हात धुवायला गेला.