नीट करू नका, उस्ताद

छातीएवढी लांब लोखंडी चावी व्हॉल्व्हवर उभी करायची, तिच्या मुठीला उजवा कान टेकवायचा, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करून अख्ख्या गल्लीला गप्प करायचं. पाणी सोडायच्या दिवशी मामा असे उभे राहिले, की हंडे, कळशा, ड्रम घेऊन थांबलेले आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचो. मग ते डोळे न उघडताच म्हणायचे, "गप. येतंय."

आणि यायचं. नळ आधी खोकायचा, मग गढूळ थुंकायचा, मग पाणी. आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गल्लीत तुम्ही कधी राहिला असाल, तर त्या दोन शब्दांची किंमत तुम्हाला मी सांगायला नको.

मामा पाणीपुरवठ्याचे लाइनमन. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागे, आमच्याच गल्लीत शेवटच्या घरात राहायचे. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. मूळचे लासूर स्टेशनकडचे, धनगराच्या घरातले. लहानपणी डोळे मिटून पडल्या पडल्या कुठलं मेंढरू मागं राहिलं ते घुंगराच्या आवाजावरून सांगायचे म्हणे. हे मला त्यांनीच सांगितलंय, त्यामुळे त्यातलं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जमिनीखाली कुठे पाइप फुटलाय हे मात्र ते चावीला कान लावून दोन हातांच्या अंतरात सांगायचे, हे मी स्वतः पाहिलंय. फुटका पाइप सापडेना, की चिकलठाण्यापासून त्यांना बोलावणी यायची.

माझं गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्तीचं दुकान. एका दुष्काळातल्या उन्हाळ्यात मामा दुकानात आले आणि म्हणाले, "उस्ताद, एखादा बिघडलेला रेडिओ हाय का?"

"चांगलाच देतो की."

"चांगला नको. चांगल्यात गाणी लागत्यात."

मला वाटलं, ऊन लागलंय. मी त्यांना स्टूल दिलं आणि फळीवरचे चार जुने ट्रान्झिस्टर खाली काढले. मामांनी एकेक कानाला लावला, डोळे मिटले आणि दोन स्टेशनांच्या मधली नुसती सूंऽऽ ऐकत बसले. "ह्याचं सूं पातळ हाय." दुसरा. "ह्यात खडे हायेत." तिसऱ्यापाशी मात्र बराच वेळ थांबले. "हां. ह्यो भरल्यावानी वाजतो." माझा हात सवयीनं स्क्रूड्रायव्हरकडे गेला, तसा त्यांनी माझं मनगट धरलं. "नीट करू नका, उस्ताद."

तीस वर्षांच्या धंद्यात मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मला थोडा रागच आला. सुताराला जाऊन पाट वाकडा कर म्हणण्यातलाच हा प्रकार. पण दुकानातलं गिऱ्हाईक जाईपर्यंत मामा हलले नाहीत, आणि मग खाली बघत बोलले.

"माझ्या कानात रातकिडा बसलाय. दोन वर्षं झाली, उठंना."

लाइनवर येण्याआधी ते दहा वर्षं पंपहाऊसवर होते. तिथल्या मोटारींनी कान खाल्ला, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. हा आवाज काही जायचा नाही, त्याच्या शेजारी दुसरा बारीक आवाज ठेवा, म्हणजे मन त्यावरून उठेल आणि झोप लागेल, असाही सल्ला दिला होता. समुद्राचा आवाज काढणारं एक यंत्र मिळतं म्हणे. "पण आपण समुद्र पाह्यला नाय," मामा म्हणाले. "तो बरुबर वाजतोय का चुकीचा, आपल्याला काय कळणार?" पंखा लावून पाहिला, तर भरदुपारी लाइट जायची. कूलरचा आवाज झकास, पण कूलरला पाणी लागतं, आणि पाणी सोडणाऱ्या माणसाच्या खिडकीत भरलेला कूलर गल्लीनं पाहिला असता, तर कानाचा प्रश्न कानासकट मिटला असता.

"कुणाला सांगू नका," मामा म्हणाले. "लाइनमनच्या कानात शिट्टी वाजती म्हणून हापिसात कळलं, तर मला नेऊन गेटवर बसवतील. तीनच वर्षं राह्यलीत माझी. जलमभर ऐकायचं काम केलं, आता शेवटाला गाड्यांचे नंबर लिहू व्हय?"

"पण मग तुम्ही पाणी ऐकता कसं?"

"शिट्टी हालत नाय, उस्ताद. पाणी हालतं. जे हालतं तेवढं धरायचं." मग म्हणाले, "पण त्याला झोप पायजे. झोप झाली नाय, की शिट्टीबी हालाया लागती."

मी शब्द दिला. मामा पहाटे तीनला उठून व्हॉल्व्ह सोडत फिरायचे आणि दुपारी जेवून झोपायचे. आता उशाशी तो रेडिओ सूं करत असायचा. पंधरा दिवसांत त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. मामींना मात्र तो मुळीच आवडला नाही. "घरात स्टोव्ह पेटवून झोपल्यावानी वाटतं," त्या मला ऐकवायच्या, जणू रेडिओ मीच त्यांच्या उशीखाली सरकवला होता.

मधूनमधून तक्रार घेऊन मामा यायचे. "उस्ताद, ह्यात गाणं लागलं." शहर वाढत होतं. चिकलठाण्याकडच्या मोकळ्या रानात इमारती उठत होत्या, तशी रेडिओवरही नवी नवी स्टेशनं उठत होती. मामांनी काटा जिथं नेऊन ठेवावा तिथं महिन्याभरात कुणीतरी येऊन हसायला-खिदळायला लागायचं. "माझ्या प्लॉटवर बांधकाम झालं," मामा म्हणायचे. मग आम्ही दोघं मिळून काटा फिरवत त्यांना नवी रिकामी जागा शोधून द्यायचो.

आता मामांच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. गल्लीला पाणी पाऊण तास, म्हणजे पाऊण तास. "मामा, पाचच मिनिटं वाढवा" म्हणणाऱ्याला ते मनगटावरचं घड्याळ दाखवायचे आणि म्हणायचे, "ह्याला इचारा." यावर बायका त्यांना मनसोक्त शिव्या द्यायच्या. पण हा माणूस पाणी चोरत नाही, एवढं एक गल्ली मानत होती. त्या वर्षी पाणी आठव्याचं दहाव्या दिवसावर गेलं आणि तेवढंही मानणं अवघड झालं.

मामांच्या भिंतीला भिंत लावून कौसाबाई राहायची. भिंत कसली, पत्राच तो. एवढे दिवस तिनं तिकडे लक्ष दिलं नव्हतं; नळ कोरडे पडल्यावर एका दुपारी मात्र तिनं पत्र्यापलीकडून येणारा आवाज कान देऊन ऐकला. तुम्ही कधी रिकाम्या जागेवर लावलेला रेडिओ भिंतीआडून ऐकलाय? तोटी पूर्ण सोडून ड्रम भरायला लावावा, हुबेहूब तसं वाजतं. कौसाबाईनं सलग तीन दुपारी ऐकलं. चौथ्या दिवशी शेजारणी जमवल्या, पत्र्याला कान लावला, डोळे मिटले आणि हात वर करून म्हणाली, "गप. येतंय."

थोड्याच वेळात सात-आठ बायका रिकामे हंडे कमरेवर घेऊन माझ्या दुकानापुढे उभ्या. "उस्ताद, चला. पंच पायजे," कौसाबाई म्हणाली. "मामानं घरात चोरून लाइन घेतलीय. धा दिस आमचे नळ कोरडे, आन् ह्याचा ड्रम रोज दुपारी भरतोय."

 खरं सांगावं तर शब्द मोडतो, न सांगावं तर मामा चोर ठरतात. निवडायला वेळही नव्हता. वरात मला पुढे घालून निघाली.

मामी दारात ज्वारी निवडत होत्या. कौसाबाईनं काही न विचारता ड्रमवरची फळी उचलली. तळाला तांब्याभर पाणी. मग ती नळाशी गेली. नळाच्या तोंडात कोळ्यानं जाळं केलं होतं. आणि आवाज तर चालूच, सूंऽऽ. बायका चुलीमागे, कपाटामागे पाइप शोधू लागल्या. एकीनं देव्हाऱ्यामागेही हात घालून पाहिला. मामा गादीवर उठून बसले. त्यांनी आधी हंडे बघितले, मग मला. माझ्या आयुष्यात माझ्याकडे इतक्या कळवळून कुणी बघितलेलं नाही. तोंड उघडलं, तर उद्या हापिसात बातमी आणि परवा गेट. नाही उघडलं, तर चोर.

"रेडिओ आहे तो," मी म्हणालो. "बिघडलाय. पार्ट मिळत नव्हता म्हणून माझ्याकडूनच राहिलाय."

कौसाबाईनं उशीखालून रेडिओ काढला, उलटासुलटा केला, कानाला लावला. मग तिनं पुन्हा नळाकडे पाहिलं.

"मामा, तुमच्या नळाला जाळं हाय."

"शेवटचं घर हाय. दाब पोचत नाय," मामा म्हणाले.

"मग पाच मिण्टं वाढवायची की."

मामांनी नुसतं घड्याळ दाखवलं. कौसाबाई माफी मागणाऱ्यातली नव्हती. तिनं पदर सारखा केला, आपला राग कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि तो माझ्यावर ठेवला. "माणूस आपल्यासाठी पहाटं तीनला उठतंय, आन् त्याला धड बातम्यासुदीक नायत. आजच्या आज नीट करून दे. माझ्यासमोर वाजवून दाखव." आणि रेडिओ माझ्या हातात कोंबला. मामा मागून केविलवाण्या आवाजात म्हणाले, "नको, राहू द्या." तो त्यांचा साधेपणा आहे असं सगळ्या बायकांचं एकमत झालं.

आता आली का पंचाईत? सूं करणारा रेडिओ परत द्यावा, तर कौसाबाई सोडत नाही. नीट करून द्यावा, तर तो बारीकसारीक स्टेशनंही पकडणार, काट्याला रिकामी जागाच उरणार नाही आणि मामांची झोप जाते. दुसरा गुपचूप द्यावा, तर त्याचं सूं पत्र्यापलीकडे ऐकू जाणार. मी तीन दिवस पार्ट शोधल्याचं सोंग केलं. तीन दिवस मामांचा डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी पाणी सोडायचं होतं. मामांनी चावीला कान लावला, हात वर केला. गल्ली गप्प. "येतंय," मामा म्हणाले.

आलं नाही. मामा पुन्हा कान लावायचे, पुन्हा "येतंय" म्हणायचे, आणि नळ ढिम्म. वर कुठेतरी लाइन फुटली होती आणि मामांना ते कळलं नव्हतं. भांड्यांची रांग दोन तास उन्हात तशीच राहिली. मामा चावीच्या मुठीवर हनुवटी टेकून उभे होते आणि कुणाकडेच बघत नव्हते. कुणी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. कौसाबाईनंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं, आणि माझी लाजही वाटली.

त्याच दुपारी मी रेडिओ उघडला. अँटेनाची तार एका बारीक खटक्यातून फिरवली आणि खटका मागच्या बाजूला, सेलच्या झाकणाआड बसवला. खटका खाली, तर गाणी, बातम्या सगळं ठणठणीत. वर, तर नुसतं सूं. पुढून दुरुस्त, मागून बिघडलेला. कौसाबाईसमोर वाजवून दाखवला. एक भावगीत लागलं, ती खूश झाली. मामांचं तोंड मात्र सुतकी. मी त्यांचा अंगठा धरून मागच्या खटक्यावर नेला. एकदा टिक् केलं, सूं झालं. पुन्हा टिक्, गाणं. मामांनी रेडिओ छातीशी धरला आणि डोळे पुसले.

"गाणं लई आवडीचं दिसतंय," कौसाबाई म्हणाली.

दोन दिवसांनी पत्र्यापलीकडून पुन्हा ड्रम भरू लागला. यावेळी कौसाबाईनंच गल्लीला समजावलं, "पाणी नाय बाई ते. मामाचा रेडिओ पुन्यांदा बिघडला. उस्तादला येत नाय नीट करायला." ती तो घेऊन दुकानात यायची, माझ्या हातात आला की तो गायचा, मामांच्या घरी गेला की बिघडायचा. "हात कच्चा हाय ह्याचा," असा निकाल लागला. लोक टेप, टीव्ही घेऊन माझ्या दुकानावरून पुढच्या चौकातल्या दुसऱ्या दुकानात जायला लागले. मी बघत बसायचो. मामा जाता-येता चोरट्यासारखे नमस्कार करायचे आणि हसू दाबायचे. पण त्यांचं "येतंय" पुन्हा कधी चुकलं नाही. निवृत्त झाले ते लाइनवरूनच, गेटवरून नव्हे. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या कानांचं कौतुक केलं, तेव्हा मामांनी गर्दीत माझ्याकडे बघून हळूच एक डोळा मिटला.

मामा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. झोपेतच गेले. उशाशी रेडिओ सूं करत होता. मामी लेकीकडे राहायला गेल्या, चिकलठाण्याच्या एका नव्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर. गेल्या महिन्यात त्या रिक्षा करून दुकानात आल्या आणि पिशवीतून रेडिओ काढून काउंटरवर ठेवला.

"उस्ताद, बिघडलाय."

"काय होतंय, मामी?"

"गाणं लागतंय."

मी झाकण काढलं. खटका झिजून ढिला झाला होता, वर राहत नव्हता. मामी स्टुलावर बसून सांगत होत्या, "लेक म्हणती, आई, मोबाइलवर पावसाचा आवाज लावून देते. म्हणलं, पाऊस नको मला. एवढी वर्षं त्या सूं संगं झोपले, आता त्याच्याबिगर घर लई मोठं वाटतं."

मी खटका काढून टाकला, तार कापली आणि टोक कथलाचा डाग देऊन कायमचं बंद केलं. आता जगातलं कुठलंही स्टेशन त्यात लागणार नाही. दुकान काढल्यापासून इतकं मन लावून मी काही बिघडवलं नव्हतं.

मामींनी रेडिओ कानाला लावला आणि डोळे मिटले. मी विचारणार होतो, जमलंय का म्हणून. पण त्यांनी डावा हात वर केला.