मधली चाल

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी पणजीत जाहिराती बनवणाऱ्या एका लहानशा कचेरीत कॉम्प्युटरवर चित्रं हलवायचं काम करत होते. हलवायचं म्हणजे काय, तर बाटली ग्लासाकडे झुकवायची असली की झुकण्याच्या प्रत्येक टप्प्याचं वेगळं चित्र काढायचं. मान मोडून जायची. एकदा मालकांनी मुंबईहून त्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या फ्लॉप्या आणल्या. म्हणाले, आता पहिलं चित्र द्या, शेवटचं द्या, मधली सगळी कॉम्प्युटरच काढतो. बाकीचे खूश. मी नव्हते, कारण मधली काढायचाच तर मला पगार होता.

पण शनिवारी आचऱ्याला घरी जाताना बसमध्ये डोक्यात वेगळंच शिरलं. माझे बाबा दशावतारात राजा व्हायचे. तलवार घेऊन प्रवेश करायचा आणि बाकड्यावर, म्हणजे सिंहासनावर, येऊन बसायचं, एवढ्यातच त्यांची चाल अशी की बाया चुलीवरचं तसंच टाकून बघायला धावायच्या. आदल्या पावसाळ्यात बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं. ती चाल कुणी कॅमेऱ्यात धरून ठेवली नव्हती. घरात फोटो दोनच: एकात तलवार उपसून उभे, दुसऱ्यात बाकड्यावर बसलेले. पहिलं आणि शेवटचं. मला वाटलं, देव पावला. बाबांना त्यांचीच चाल पुन्हा दाखवायची, बस्स.

कचेरी सुटल्यावर बसून मी त्या दोन फोटोंवरून दोन्ही चित्रं काढली, मधलं यंत्रावर सोडलं आणि सगळं व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतलं. गोव्याची हद्द ओलांडताना इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसानं कॅसेट उलटीसुलटी करून विचारलं, कसली ही? माझ्या बाबांची, म्हटलं. त्यानं हसून परत दिली.

शेजारचा टीव्ही आणला, व्हीसीआर भाड्यानं. बाबांना ओटीवर तक्क्याला टेकवून बसवलं. राजा निघाला, सरळ गेला आणि बाकड्यावर बसला. बाबा बघत राहिले.

"हो कोण गो, चेडवा?" त्यांनी मला विचारलं.

"अवो, तुमीच ते," आई म्हणाली.

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर उभी केली आणि चालवली. बोटं पुढे गेली, थबकली, मृदंगाची थाप ऐकत असल्यासारखी तिथंच थरथरली, जराशी मागे आली आणि मग ऐटीत वळली. मी बघतच राहिले. "बाबा, परत दाखवा," म्हटलं. हात चादरीवर तसाच पडून राहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

यंत्राला काय कप्पाळ कळणार? त्याला दोन टोकं दिली, त्यानं जवळचा रस्ता धरला. मग मी पणजीत मधली चित्रं हातानं काढायला बसले, पूर्वीसारखी. पाऊल कुठं थबकतं, खांदा कधी वळतो, काही केल्या जमेना. इतक्या वेळा पाहिलेली चाल, पण पाहणं वेगळं आणि काढता येणं वेगळं. दर खेपेला घरी जाऊन विचारायचे. बाबा नुसते माझ्याकडे बघायचे. असा राग यायचा, त्यांचा नव्हे, माझाच, त्या फ्लॉप्यांचा, सगळ्याचाच.

दिवाळीच्या आधी बाबा गेले. तेराव्याला जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, ती कॅसेट लावा बघू. नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत लावलीसुद्धा. राजा निघाला, सरळ गेला, बसला. पुन्हा लावली. ओटीवरची माणसं हळहळली. हुबेहूब, म्हणाली.

आईनं पदर डोळ्यांना लावला. "असेच चलत," ती म्हणाली.

पन्नास वर्षं ती चाल पाहिलेली माझी आई. मी डोळे मिटून ती चादरीवरची बोटं आठवायला गेले, तर बाकड्याकडे सरळ जाणारा तो राजाच दिसत राहिला.