काकांचा हिरवा हमिंगबर्ड

कोणी पक्ष्याचं नाव घेतलं की काका हात वर करून थांबवायचे. "नाव राहू दे. दिसलं काय, ते सांग."

नागपूरला शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले काका अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये आमच्या शेजारी, मुलीकडे राहत. पक्षी पाहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींची यादी मी ठेवते: तारीख, जागा, कोणी पाहिला. तुम्हीही अशी यादी ठेवत असाल, तर नवीन नाव चढवण्याची घाई तुम्हाला ठाऊक असेल. माझा एक बहिरी ससाणा काकांनी पाच मिनिटांत कबूतर करून टाकला होता.

२००६ च्या सप्टेंबरमध्ये ऑफिसात त्यांचा फोन आला. "साखरपाण्याच्या बाटलीवर हमिंगबर्ड आलाय. नेहमीच्यापेक्षा मोठा. सगळा हिरवा, गळासुद्धा. येतेस?"

"काका, मीटिंग आहे. संध्याकाळी येते."

"तो थांबेल का गं तुझ्या मीटिंगसाठी?"

नाही थांबला. संध्याकाळी पुस्तकात आम्हाला ग्रीन व्हायोलेटइअर सापडला: मेक्सिकोच्या डोंगरांतला, इकडे क्वचित वाट चुकून येणारा. दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्या समितीचा फॉर्म मी लगेच उघडला.

"कानाजवळ जांभळा डाग होता ना? लिहिते."

"मला नाही दिसला. मोतीबिंदू आहे."

"पण असणारच, काका! त्याशिवाय मंजूर नाही होणार."

"असेल. असा पक्षी मला पुन्हा दिसायचा नाही, हेही कळतंय. तरी नको."

तिसऱ्या दिवशी काकांना हॉस्पिटलमध्ये नेलं. त्यांचा स्वेटर आणायला मी त्यांच्या घरी गेले, तर बाटलीवर तो! स्वेटर हातात धरून चार मिनिटं पाहिलं आणि तशीच गाडी काढली.

"जांभळा डाग आहे, काका. शेपटीवर गडद निळा पट्टा. तुमच्या नावावर घालते."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तू पाहिलास. तुझा." मग थोड्या वेळाने, "पण होता ना तो?"

"होता, काका."

दोन दिवसांनी ते गेले.

समितीने नोंद मंजूर केली, माझ्या नावावर. त्या दिवशीची मीटिंग कशाची होती, ते आता आठवतही नाही. आमच्या यादीत काकांच्या नावापुढे मी 'ग्रीन व्हायोलेटइअर' लिहिलं, बराच वेळ पाहत बसले, मग पुसलं. आता तिथे आहे: 'हमिंगबर्ड. मोठा. सगळा हिरवा. कानाजवळचं दिसलं नाही.'

अख्ख्या यादीत जातीचं नाव नसलेली ती एकच नोंद.