दात बघून आणलेलं कॉलेज

हिंगोली जिल्ह्यातून आजवर जी पोरं परदेशी शिकायला गेली असतील, त्यांनी आपापलं कॉलेज निवडलं असेल. कुणी नावावरून, कुणी इमारतीच्या फोटोवरून, कुणी मामाचा पोरगा तिथं आहे म्हणून. माझ्या मेहुणीनं मात्र बाजारातून जनावर आणावं तसं कॉलेज दात बघून आणलं. हे मी कौतुकानं सांगतोय असा गैरसमज करून घेऊ नका. मला तिचा हेवा वाटतो. चांगला पोट दुखेपर्यंत वाटतो. आणि मी पडलो तिचा दाजी, त्यामुळं चारचौघांत बोलूनही दाखवता येत नाही.

ती माझ्या बायकोची सगळ्यात धाकटी बहीण. माझी सासुरवाडी पुसेगावची. सासऱ्यांची थोडी शेती आणि पन्नासेक शेरडं-मेंढरं. मी हिंगोलीत एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितका पगार आणि उन्हाळ्यात रामराम. ही पोरगी माझ्याच वर्गात बी.कॉम. झाली. वर्गात तरी ‘सर’ म्हण, असं मी तिला दहादा बजावलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती भर वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, “दाजी, ताळेबंद बराबर जुळला तरी धंदा बुडतोच की. मग जुळवायचा काहून?” प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही ते नाहीच, वर त्या दिवसापासून सगळा वर्ग मला दाजी म्हणायला लागला. आता तर आमच्या कॉलेजचा शिपाईसुद्धा म्हणतो. पंधरा वर्षांत कमावलेलं ‘सर’ तिनं एका वाक्यात घालवलं.

अशा पोरीनं एक दिवस जाहीर केलं की, मी बाहेरदेशी बिझनेस स्कूलला जाणार. कशाला, तर म्हणे, “आबा दरसाली मेंढरं इकतात अन् भाव दुसराच कोनीतरी ठरवतो. तो कसा ठरवतो ते मला शिकायचं हाय.” घरात शिक्षणाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडं बघतात, तसं तेव्हाही बघितलं. मी रात्रंदिवस खपून जगातल्या नामांकित बिझनेस स्कूलांची क्रमवार यादी केली, सुवाच्य अक्षरात, लाल शाईनं अधोरेखित वगैरे. तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, “दाजी, ह्यात पोसवणारी कोणती?” मी म्हणालो, फी समोरच लिहिलीय की. “फी म्हंजे घेतानाचा भाव झाला. घेताना स्वस्त का पोसताना स्वस्त, ते सांगा ना.” मग तिनं यादी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर जंताच्या औषधाचं नाव लिहून घेतलं, शेरडांसाठी.

जवळा बाजार गावच्या गुरांच्या बाजारात जनावर घ्यायला गेल्यावर विकणाऱ्याला काही विचारायचं नाही, हा तिच्या घराण्याचा नियम. तो त्याच्या जनावराला वाईट कशाला म्हणेल? विचारायचं ते मागच्या साली त्याच्याकडून घेऊन गेलेल्या माणसाला. हा नियम तिनं जसाच्या तसा कॉलेजांना लावला. हिंगोलीच्या एका हॉटेलात परदेशी शिक्षणाची माहिती देणारा मोफत कार्यक्रम होता, तिथं मी तिला घेऊन गेलो. टाय लावलेला एक गृहस्थ पडद्यावर हिरवळी दाखवत होता. ही उठली. “तुमच्या हातून गेलेल्या पाच पोरांचे नंबर द्या. अन् त्यातलं एक तकलीफ होऊन वापस आलेलं पाहिजे.” गृहस्थ म्हणाला, मॅडम, आमची सगळी मुलं सुखात आहेत. “सगळीच्या सगळी? मग तुमी मोजलीच न्हाईत,” असं म्हणून ती खाली बसली. जाताना तिनं त्यांचा फुकटचा पेन तेवढा घेतला. पेन चांगला निघाला, हे मात्र ती मोठ्या मनानं कबूल करते.

त्या पेनानं तिनं दोनशे पानी वही भरली. त्यात कॉलेजांची खरी नावं नाहीत, जनावरांना ठेवतात तशी नावं. लंडनच्या एका थोर कॉलेजचं नाव होतं ‘मारकी’, आयर्लंडमधलं एक ‘खादाड’, कारण तिथलं खोलीचं भाडं. मी ज्याला यादीत पहिला नंबर दिला होता त्याच्यासमोर लिहिलं होतं, ‘देखणी, दूध न्हाई.’ दुधाचा रकाना म्हणजे शिकून झाल्यावर नोकरी. चाऱ्याचा रकाना म्हणजे खोली, खाणं, बस. खुरांचा रकाना कशाचा म्हणून विचारलं, तर म्हणाली, “खोलीपासून कॉलेजपत्तोर पायी चालवतं का ते.” आणि ही सगळी माहिती तिनं तिथं शिकणाऱ्या पोरांना गाठून गाठून काढली. जालन्याचा कोण एक पोरगा तिच्याशी तासभर बोलला आणि शेवटी रडला, कारण दीड वर्षात त्याला कणीक कुठं मिळते हे कुणी विचारलंच नव्हतं. आफ्रिकेतल्या एका पोरीशी ती तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायची. ना काळ, ना क्रियापद. त्या पोरीनं तिला स्वतःच्या खोलीचा व्हिडिओ काढून पाठवला, पार मोरीसकट. मी व्याकरणशुद्ध इंग्रजीत चार कॉलेजांना चार पत्रं लिहिली होती. एकानंही उत्तर दिलं नाही. आता सांगा, जळायचं नाही तर काय करायचं माणसानं?

शेवटी तिनं जर्मनीतलं एक सरकारी बिझनेस स्कूल नक्की केलं. लहानसं गाव, फी नावापुरती, इंग्रजीतून शिक्षण. वहीत त्याचं नाव ‘बांडी’, म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेली शेळी, आणि शेरा: ‘दिसायला साधी, चाऱ्याला सोसती, दूध बरं.’ फक्त व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तजवीज आधी दाखवावी लागते, ती काही सासऱ्यांनी मेंढ्या विकून आणि काही बँकेनं भागवली. अडलं ते एकाच ठिकाणी. शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र पाहिजे होतं, आणि ते ठरल्या तारखेच्या आत गेलं नाही तर अर्ज बाद होऊन एक अख्खं साल वाया जाणार होतं.

ती घरी आली, माझ्या हातावर रुपयाचं नाणं ठेवलं आणि माझी मूठ तिनं दोन्ही हातांनी मिटली. “हा इसार, दाजी, सौदा पक्का झाल्याचा. पत्र तुमी द्यायचं.” मी हसलो. नाणं खिशात टाकलं. दुसऱ्याच दिवशी जर्मनीच्या कॉलेजकडून माझ्या मेलवर फॉर्मही आला.

आणि मी तो भरला नाही. खोटं कशाला बोलू? रोज उघडायचो, वाचायचो, बंद करायचो. वीस वर्षांपूर्वी मलाही असंच जायचं होतं हो! नकाशात शहरं शोधून ठेवली होती. दर साली पहिल्या तासाला मी पोरांना सांगतो, ‘मी परदेशी जाणार होतो, पण परिस्थिती आडवी आली.’ आणि ही माझ्याच वर्गातली, माझ्यापेक्षा आडव्या परिस्थितीतली पोरगी कॉलेजांना शेरडांची नावं देत देत निघालीसुद्धा. वाटलं, येऊ दे की एकदा दारात. दोनदा म्हणू दे, दाजी पत्राचं काय झालं, मी तुमच्या पाया पडते. मग देऊ. एवढा तरी मान आपल्याला नको का? ती येईना. फोन येईना. बायकोकडंही विषय काढीना. तिला चिंता नाही म्हणून मला चिंता लागली. असे सोळा दिवस गेले.

सतराव्या दिवशी शेवटची तारीख होती. सकाळीच मोटारसायकल काढून मी पुसेगाव गाठलं. ही शेरडांच्या वाड्यात बसून एका शेळीची खुरं तासत होती. बाजूच्या दोरीवर जाडजूड कोट वाळत घातलेला, आठवडी बाजारातून घासाघीस करून आणलेला. मीच विचारलं, “अगं, आज शेवटची तारीख. पत्राचं विचारलं नाहीस?”

तिनं मान वर करून माझ्याकडं असं पाहिलं, जसं मीच काहीतरी अडाण्यासारखं बोललो. “इसार दिला व्हता की तुमाला.”

“म्हणून काय झालं?”

“इसार घेतलेल्या माणसाला पुन्हा इचारतेत व्हय? ते त्याला खोटं पाडल्यासारखं होतं, दाजी.”

सासरे तिथंच बाजेवर बसले होते. त्यांनीही मान डोलावली. त्यांच्यात इसार घेतला की जनावर पुढच्या बाजारापर्यंत विकणाऱ्याच्याच दावणीला राहिलं तरी घेणारा चौकशीला जात नाही. मी खिशात नुसतं एक नाणं टाकलं होतं. त्या माणसांच्या हिशेबी मी त्याच क्षणी पत्र लिहून मोकळा झालो होतो. बापरे! मला तिथं बसवेना. रेंज पाहायचं निमित्त करून मी गावाबाहेरच्या लिंबाखाली गेलो आणि मोबाईलवर फॉर्म उघडला.

भराभर भरत गेलो. सगळं चांगलं लिहिलं, आणि सगळं खरं होतं, हेच तर दुखत होतं. एका चौकटीत उमेदवाराचा एक दोष लिहा असं होतं. ह्या चौकटीसाठी मी मनात केवढा मजकूर जमवून ठेवला होता! उद्धट आहे, थोरांचं ऐकत नाही, वर्गात दाजी म्हणते. पण लिहिताना लिहिलं एवढंच, की समोरच्यानं शब्द दिला की ही पुन्हा विचारत नाही. त्यानं हिचं कधीतरी नुकसान होईल. आणि बटण दाबलं. परत आलो तर तिनं विचारलं, “रेंज मिळाली का?” मी म्हणालो, मिळाली.

ती गेली त्याला आता सात-आठ महिने झाले. दर रविवारी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून फोन करते, मागं वरणाला उकळी फुटलेली दिसते. तिकडं जायचं म्हणणारी पोरं आता तिचा नंबर मागतात, आणि तो माझ्याकडं मागतात, “दाजी, द्या ना ताईचा नंबर!” देतो. दुसरं करतो काय?

मागच्या रविवारी बायकोशी बोलणं झाल्यावर ती म्हणाली, दाजीकडं द्या. मी फोन घेतला. “दाजी, इथं नोकरीवाल्यांसाठी एक कोर्स हाय, एका सालाचा. वयाची अट न्हाई, मी इचारलं. फी बी सोसती.”

“मला कशाला सांगतेस?”

“दरसाली पयल्या तासाला तुमीच तर सांगत असता, जायचं व्हतं म्हणून. सगळा वर्ग ऐकून घेतो अन् पुढच्या साली इसरतो. मी इचारून टाकलं.”

वीस वर्षांत मी स्वतःही कुणाला विचारलं नव्हतं. परिस्थिती आडवी आली म्हणतो, पण ती किती आडवी आहे हे पाहायलाही गेलो नव्हतो. मी म्हणालो, “हे कधी विचारलंस तू?”

“तवाच की, फोनवर. आता इथं डोळ्यानं पाहून घेतलं म्हणून सांगते. तुमी माझं पत्र लिहून राहिले व्हते ना, सोळा-सतरा दिवस, तवा. म्हणलं, दाजी आपल्यासाठी एवढं मन लावून लिहून राहिले, तवर आपुन त्यांचं काही पाहू.”

तिला वाटलं, लाइन गेली. “हॅलो, दाजी? आवाज येऊन राहिला का?”

“येऊन राहिला,” मी म्हणालो. बायकोनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि काय झालं म्हणून खूण केली. मी मान हलवली. ती पोरगी तिकडं माझ्या उत्तराची वाट पाहत होती, आणि मला त्या सोळा दिवसांचं काय सांगावं ते सुचत नव्हतं.