बिनक्लचची गाडी

शोरूममधल्या सेल्समननं नव्या इलेक्ट्रिक पिकअपचं कौतुक सुरू केलं तेव्हा मी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. एका चार्जिंगला किती पळते, डिझेल कसं वाचतं, सर्व्हिसिंगचा ताप कसा नाही, त्याचं चाललं होतं. मालकांनी ते सगळं ऐकून घेतलं. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्या कोल्हापुरात अजून बऱ्याच घरांत बायका नवऱ्याला मालकच म्हणतात. सेल्समनचं संपल्यावर मालकांनी एवढंच विचारलं, "क्लच न्हाय न्हवं?"

नाही म्हणाला तो, गिअरही नाहीत. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि तिथंच बुकिंग झालं.

मालकांना गाडी चालवतानाच लकव्याचा झटका आला होता. गाडी रस्त्याकडेच्या उसात शिरून थांबली, कुणाला खरचटलं नाही, एवढं नशीब. पुढं हात सावरला, बोलणं सावरलं. डावा पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही. क्लच दाबला गेला की नाही, हे त्यांचं त्यांनाच कळायचं नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, क्लच नसलेली गाडी असेल तर चालवायला हरकत नाही. आरटीओचे हेलपाटेही झाले, तिथूनही मोकळीक मिळाली. राहिली होती ती फक्त गाडी.

आमचा धंदा बेकरीचा माल पोचवायचा. पहाटे बेकरीतून पाव, बटर, खारीचे ट्रे भरायचे आणि हातकणंगल्यावरून इचलकरंजीपर्यंत चहावाल्यांकडं उतरवत जायचं. यंत्रमागावरची रात्रपाळी सुटते तेव्हा माणसांना चहात बुडवायला बटर लागतं. तासाभरानं नेलं तर तेच बटर कुणी विचारत नाही. मालक दवाखान्यात होते म्हणून रात्रपाळी काही थांबणार नव्हती. आम्ही दोन ड्रायव्हर ठेवून बघितले. एकाला पहाटे जाग यायची नाही. दुसऱ्याला यायची, पण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीवर जायचा. शेवटी जुन्या डिझेलच्या गाडीवर मीच बसले.

त्याचं कौतुक फार झालं. गल्लीतल्या मंडळानं शाल दिली, नारळ दिला, बाई असून टेम्पो चालवते म्हणून भाषण झालं. तुला हे करायचं होतं का, असं मात्र त्यातल्या एकानंही विचारलं नाही. मला करायचं नव्हतं. रोज पहाटे उठून मी थकले होते. सणाला थकलेली, लग्नात थकलेली, बहिणीशी फोनवर बोलतानाही थकलेली. बिनक्लचची गाडी यावी, मालकांनी ती चालवावी आणि मी गप झोपावं, यापलीकडं मला काही सुचत नव्हतं.

पण गाडी नवी निघालेली, आणि जिल्ह्यातल्या दूधवाल्या-भाजीवाल्यांना तिचा शोध एकदमच लागलेला. फोन केला की उत्तर ठरलेलं: पुढच्या लॉटला बघू, वहिनी. लॉट यायचे, हार घातलेल्या गाड्या लोक घेऊन जायचे, आमचा नंबर काही यायचा नाही. आमच्यामागून बुकिंग केलेल्या कागलच्या एका पावण्याला गाडी मिळालेली बघितली, तेव्हा मी शोरूममध्ये आवाज चढवला. त्यांनी मला चहा दिला. त्या शोरूमच्या चहात साखर कमी असते, हे मी आता शपथेवर सांगू शकते.

मग पितृपंधरवडा लागला आणि शोरूममधून त्यांचाच फोन आला. दोन गाड्या आल्यात, पण पंधरवड्यात कोण न्यायला तयार नाही, सगळ्यांना दसऱ्याचा मुहूर्त पाहिजे. तुम्हाला चालत असेल तर उद्या या. मी फोन कानाला तसाच धरून सासूबाईंना विचारलं. मनात धाकधूक होतीच. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जित्ता असताना तुझा सासरा कुणाच्या आड आला न्हाय. आता येतोय व्हय? घिऊन ये जा."

शोरूम ओस पडलेलं. ना हार, ना पेढे, ना फोटोवाला. सेल्समननं किल्ली मालकांच्या हातात दिली. ती माझ्या हातात ठेवत मालक म्हणाले, पंधरवडा सरू दे, मी चांगल्या दिवशी बसतो. मला पटलं. गाडी मीच घरी आणली. आवाज नाही, हादरे नाहीत, पायाला काम नाही. पण पहाटेचं उठणं होतं तसंच राहिलं. मालक शेजारी बसून सांगत राहायचे, डाव्या अंगाला घे, पुढं खड्डा हाय, लाईट मार. इतकी वर्षं मीही त्यांना असंच सांगत आले असणार. तरी मला चीड यायची.

पंधरवडा सरला, घट बसले. मालक म्हणाले, आता खंडेनवमीला गाडीची पूजा होऊ दे, मग बसतो. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. जुनी डिझेलची गाडी ह्याच माणसानं भर दुपारी राहुकाळात आणली होती आणि पंचांगवाल्या शेजाऱ्याची वर टिंगल केली होती. पूजा झाली. लिंबू चिरडलं, नारळ फोडला, मालक स्टिअरिंगमागं बसले आणि फोटो काढून झाल्यावर उतरले. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रे भरून झाले, मी किल्ली पुढं केली, तर ते गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले.

तेव्हा मला कळलं. पायाचा प्रश्न सुटला होता, पण प्रश्न पायाचा नव्हताच. आम्ही सगळे क्लच धरून बसलो होतो. त्या दिवशी उसात शिरताना त्यांना काय वाटलं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. खरं सांगते, मला दया आली नाही. राग आला. एवढे दिवस ज्या गाडीची वाट बघितली, ती आली आणि तीही माझ्याच गळ्यात पडली.

त्यानंतर आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. मग एका पहाटे, चोकाकच्या पुढं, माझा डोळा लागला. क्षणभरच. समोरून ट्रकचा हॉर्न आला, मालकांनी हात घालून स्टिअरिंग ओढलं आणि आम्ही वाचलो. मी गाडी कडेला घेतली. खाली उतरले, पलीकडं गेले, त्यांचं दार उघडलं आणि म्हणाले, उतरा.

ते उतरले. रस्त्यावर उभे राहिले. म्हणाले, "मला भ्या वाटतंय गं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. दुसरी कुणी असती तर त्यांचा हात धरला असता. माझ्यात तेवढंही बळ नव्हतं. मी म्हणाले, "आवो, मी दमलो. माझ्यानं आता व्हत न्हाय." आणि त्यांच्या जागेवर बसून दार लावून घेतलं.

पुढं हे घरात कळलं तेव्हा सगळे म्हणाले, काय युक्ती केलीस. जावेनं तर चारचौघांत सांगितलं, नवऱ्याची भीती कशी घालवावी ते हिच्याकडनं शिका. कसली युक्ती? मालक गाडीत बसले नसते तर पाव-बटर तिथंच रस्त्याला पडून राहिलं असतं आणि मी ते राहू दिलं असतं. त्या पहाटे काचेतून ते मला दिसत होते, गाडीच्या उजेडात उभे, एकदा रस्त्याकडं बघत, एकदा माझ्याकडं. बराच वेळ गेला. पलीकडचं दार उघडल्याचं मी ऐकलं. गाडी हळू निघाली, फारच हळू; मागून येणारे सगळे आम्हाला मागं टाकत गेले. तिचा वेग वाढला का, हे मला सांगता येणार नाही, कारण मी झोपले.

जाग आली तेव्हा गाडी इचलकरंजीत उभी होती. चांगलं उजाडलं होतं. मागचे ट्रे रिकामे होते. मालक बाहेर उभे राहून चहा पीत होते, आणि माझ्या बाजूच्या काचेवर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल अडकवला होता. तुझ्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणाले.