गुरुवारपर्यंत थांबा

करमरकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिस उघडून नुकतीच टेबलापाशी बसले होते. त्यांच्या पत्नी, नीलाताई, एवढंच म्हणाल्या, "वैशाली, हे सकाळी उठलेच नाहीत गं." त्याला आता पाच आठवडे झाले. झोपेत गेले, काही त्रास झाला नाही, पुण्यवान माणूस, असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो. मी मान हलवते. गेलं वर्षभर ते धड झोपतच नव्हते, हे नीलाताईंना ठाऊक आहे आणि मला...

पनवेलला एसटी स्टँडजवळ पहिल्या मजल्यावर सरांची विमानतिकिटांची एजन्सी. तिथं शेजारच्या टेबलावर मी अठरा वर्षं काम केलं. आमच्याकडे येणारे बहुतेक उरण-पनवेलच्या गावांतले, आखातात वेल्डिंग, फिटिंगच्या कामाला जाणारे. नवीन पनवेलचे आईवडीलही यायचे, परदेशातल्या मुलांकडे निघालेले. दर ऐकला की माणसं चिडायची, "तुम्हीच मधे खाता" असं तोंडावर म्हणायची. सर रागवायचे नाहीत. समोर बसवून, पाणी देऊन समजावायचे. विमानं कमी पडतायत, नवी मागवलेली वेळेवर मिळत नाहीत. काही देशांच्या हद्दीवरून जायला बंदी आहे, म्हणून लांबचा वळसा पडतो, वळशाला इंधन जास्त, इंधनाचे पैसे डॉलरमध्ये आणि आपला रुपया घसरलेला. त्यात सुट्टीत सगळ्यांनाच एकदम जायचं असतं. करंजाचा कुणी कोळी असला तर म्हणायचे, "वादळात निम्म्या होड्या किनाऱ्यावर पडून राहिल्या की पापलेट काय भावानं जातं? तसंच आहे हे." माणूस हसायचा. मग सर तारखा मागेपुढे करून बघायचे आणि म्हणायचे, "जरा थांबा. मंगळवारी या." मंगळवारी दर खरंच उतरलेला असायचा. त्यांच्या त्या "थांबा"वर लोकांचा देवावर असावा तसा विश्वास होता.

मागच्या वर्षी मे महिन्यात हिराबाई आली. करंजाच्या बाजूच्या एका गावातली, पन्नाशीची, दिराला बरोबर घेऊन. मुलगा नितेश मस्कतला वेल्डर होता, उंचावरून पडला होता आणि इस्पितळात होता. कंपनीनं आईच्या व्हिसाची सोय केली होती. "उद्याचं तिकीट काढा," ती म्हणाली. सुट्टीचे दिवस, दर नेहमीच्या तिप्पट झालेला. सरांनी विचारलं, "मुलाची तब्येत कशी आहे?" दीर म्हणाला, "बरा हाय म्हनतात. सकाळी फोनवर बोलला." त्याच वेळी माझा फोन वाजला, एका प्रवाशाची बॅग हरवली होती, मी त्यात गुंतले. फोन ठेवला तेव्हा सर सांगत होते, "गुरुवारी निम्म्यात मिळतंय. गुरुवारपर्यंत थांबा." तिनं मान डोलावली. दोघं उठून गेले.

ते शनिवारचं बोलणं. सोमवारी आखातातल्या तणावामुळे विमानं रद्द व्हायला लागली. सर दोन दिवस फोनला चिकटून होते. हिराबाईसाठी कोचीहून, दिल्लीहून, कुठूनही एक सीट मिळते का बघत होते. पैसे किती पडतील, हे त्यांनी कुणाला विचारलंही नाही. बुधवारी दुपारी दिराचा फोन आला. रक्तस्राव झाला, नितेश गेला... गुरुवारी विमानं सुरू झाली. पण आता हिराबाईला कुठेच जायचं नव्हतं. सहा दिवसांनी मुलगाच आला, पेटीतून. कार्गोचे कागद करायला सर स्वतः मुंबईला गेले. हिराबाई पेटी न्यायला आली तेव्हा कोपऱ्यात उभे राहिले, तिच्यासमोर गेले नाहीत.

त्यानंतर त्यांनी कुणाला "थांबा" म्हटलं नाही. कुणाला समजावणंही सोडलं. दर सांगायचे आणि तिकीट काढायचे. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही तिचं भलंच बघितलं होतं ना?" ते म्हणाले, "भलं कुणी मागितलं होतं? तिनं तिकीट मागितलं होतं."

पावसाळा संपल्यावर एका रविवारी त्यांनी मला गाडीत बसवलं. म्हणाले, "तिची माफी मागायचीय. तू बरोबर चल, एकट्यानं जमायचं नाही." गावात शिरलो, रस्त्याच्या कडेला सुकट वाळत घातलेली. हिराबाई ओटीवर चार बायकांत बसली होती. सरांनी गाडी लांबच थांबवली. हात स्टिअरिंगवरच. "जाऊ या का, वैशाली?" आणि मी म्हटलं, "आज नको सर. घरी माणसं आहेत." त्यांनी गाडी वळवली. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मला वाटलं, मी त्यांना वाचवलं.

गेल्या आठवड्यात हिराबाई ऑफिसात आली. "सायेब गेलं असं आयकलं," म्हणाली आणि सरांच्या रिकाम्या टेबलासमोर बसली. मला राहवेना. मी म्हटलं, "मावशी, सर तुमची माफी मागायला गावात आले होते. मीच त्यांना परत फिरवलं."

"माफी? कशाची?"

"थांबा म्हटल्याची."

ती खुर्चीतच माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "त्यांनी कुठं थांबवलं मना? ते तिकीट काडायलाच बसले व्हते. मीच इचारलं, सायेब, दोन-चार दिसांनी कमी नाय का व्हनार? पोर तिकडं पडलेला, आन् मी दर इचारत बसले... वरीस झालं. घरात कोनाला बोलले नाय. दिराला पन सांगितलं, सायेबच थांब म्हनले."

मी फोनवर होते. तिचा प्रश्न मी ऐकलाच नव्हता. आणि वर्षभरात सरांनी तो मला कधी सांगितला नाही. एकदाही म्हणाले नाहीत की तिनंच विचारलं होतं.

हिराबाईनं पदर तोंडावर घेतला. टेबलावरचा फोन वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. कुणीतरी दर विचारत असणार. मी तो उचलला नाही. ती रडत होती आणि मी तिच्या शेजारी, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून होते. समोर सरांची खुर्ची होती. त्या रविवारी मी त्यांना परत फिरवलं नसतं तर ही दोघं समोरासमोर बसली असती. माफी मागायची होती ती आता मला, दोघांची...